लारावेल की जँगो, कोल्हापुरातल्या कामाला काय परवडतंय

भावा, लारावेल म्हणजे पीएचपी भाषेत साईट बांधायचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क), जँगो तसाच पायथन भाषेतला. आता कुठली भाषा भारी यावर रंकाळ्यावर रात्रभर भांडता येतंय, पण गुजरीतल्या सराफाला नायतर उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्याला त्याचं काय पडलेलं नसतंय, त्याला खर्च कमी आणि साईट चालू पायजे.

खर्चात पीएचपी पुढं. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साईटी) घ्या, फाईली चढवा, चालू. लारावेलला जरा खटपट हाय, डोमेन पब्लिक फोल्डरकडं वळवायला लागतंय, नायतर डॉट ईएनव्ही ही सेटिंगची फाईल डेटाबेसच्या पासवर्डसकट जगाला दिसायची भीती.

जँगो २००५ ला कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसातनं बाहेर आलेलं, बातम्या भरायची घाई असणार, म्हणून अ‍ॅडमिन पॅनेल (माहिती भरायचं, बदलायचं पान) आयतंच मिळतंय. मॉडेल (कुठली माहिती साठवायची त्याचा आराखडा) लिहा, अ‍ॅडमिन डॉट पाय मध्ये एका ओळीत रजिस्टर करा, की ओतकामाच्या ऑर्डरी, वजनं, गिऱ्हाईकं भरायला फॉर्म हजर. लारावेलमध्ये यासाठी नोव्हा विकत घ्या नायतर फिलामेंट बसवा. मला तर हे एकच कारण बास हाय.

पण सर्व्हरवर जँगो घाम काढतंय. गनिकॉर्न (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) लावा, त्याच्यापुढं एनजिनएक्स (येणाऱ्या रिक्वेस्टा झेलणारा वेब सर्व्हर), आणि कोड बदलला की प्रोसेस रिस्टार्ट, ते विसरलं की जुनंच पान दिसत बसतंय. पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्टला कोरी पाटी, त्यामुळं ही कटकट सहसा नाय.

आणि स्पीडचं म्हणाल तर लूपमध्ये, म्हणजे दर नोंदीला वेगळी, डेटाबेसला क्वेरी मारणाऱ्याला दोन्हीकडं सारखाच मार बसतोय, जँगोत सिलेक्ट रिलेटेड वापरा, लारावेलमध्ये विथ, दोन्ही जोडलेली माहिती आधीच एकदम आणतात, मग बोला.