सकाळचा फेरफटका की जेवणानंतरची शतपावली?
मधुमेहींनी आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालावं, असं डॉक्टर सांगतात. तेवढा वेळ भरायला सकाळचा फेरफटका सोयीचा; वजन, रक्तदाब, दम, सगळ्यालाच फायदा. पण साखर चढते ती जेवणानंतरच्या तास-दीड तासात. तेव्हा चाललं की पायांचे स्नायू ती तिथल्या तिथे वापरतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या आवारात. रात्री वरण-भात ओरपून थेट सोफ्यावर आडवं होणाऱ्यांनी (घरोघरी असतातच!) माझ्या मते आधी हीच सवय धरावी. सकाळी उपाशीपोटी निघणाऱ्यांपैकी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर असलेल्यांनी जपावं: साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवाच.