रिसॉर्टचं पाळणाघर आणि मुलांचे स्कीचे धडे: एका पूर्ण मोसमानंतर

डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे एक अख्खा मोसम, आल्प्समधल्या वेगवेगळ्या रिसॉर्टांतली पाळणाघरं, लहानग्यांची बर्फाची बाग आणि स्की स्कूलचे गटातले धडे वापरल्यानंतरचा हा अनुभव. मुलं दोन: एक नुकतं चालायला लागलेलं, दुसरं पाच वर्षांचं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. शिकवणारे आणि सांभाळणारे लोक जवळपास सगळीकडे कामात पक्के निघाले. दिवस बिघडला तो दर वेळी मधल्या सांध्यावर: पाळणाघर संपून धडा सुरू होतो तिथे, आणि धडा संपून जेवण सुरू होतं तिथे. पैसे भरण्याआधी चौकशी करायची ती या सांध्याची.

या तीन सेवा वेगवेगळ्या आहेत, पण जाहिरातीत त्या एकच असल्यासारख्या दिसतात. पाळणाघर काही ठिकाणी 3 महिन्यांपासून, बऱ्याच ठिकाणी 6 महिन्यांपासून बाळं घेतं आणि साधारण तीन वर्षांपर्यंत सांभाळतं. तिथे स्की नसते. फार तर दुपारी थोडा वेळ बर्फात खेळ. बर्फाची बाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी: कुंपण घातलेला सपाटसा उतार, वर नेणारा सरकता पट्टा (सगळे त्याला मॅजिक कार्पेटच म्हणतात), शेजारी उबदार खोली. मूल दमलं की आत, ताजंतवानं झालं की बाहेर. स्की स्कूलचा गट त्याच्या पुढचा, आणि त्याची जबाबदारी धड्याच्या वेळेपुरतीच. सव्वानऊला ठरलेल्या फलकापाशी मूल घेतात, पावणेबाराला तिथेच सोडतात. पाळणाघर त्या फलकापासून अर्धा किलोमीटर लांब, मध्ये चढ आणि जिने असतील, तर मुलाला स्की बुटांत तिथवर कोण नेणार? ‘पाळणाघर अधिक धडा’ असं पॅकेज घेताना हाच प्रश्न लेखी विचारा. बूट कोण चढवणार, नेणार कोण, जेवण कोण भरवणार, आणि मूल गारठून धड्यातून अर्ध्यावर परत पाठवलं तर ते कोणाच्या ताब्यात जाणार, हेही. याची उत्तरं लगेच देणारं ठिकाण थोडं महाग पडलं तरी घ्यावं. ‘ते आमचे लोक बघतात’ एवढंच उत्तर आलं, तर ते काम तुम्हालाच करावं लागणार असं धरून चाला.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते लसीकरणाचं कार्ड. फ्रान्समध्ये 2018 पासून जन्मलेल्या मुलांना 11 आजारांवरच्या लसी सक्तीच्या आहेत, आणि 2025 पासून मेनिन्गोकोकसविरुद्धची (मेंदूज्वर घडवणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) सक्ती वाढली आहे. पाळणाघरवाले नोंदणीच्या वेळीच हे कार्ड मागतात. ते तारखांसकट, वाचता येईल असं लागतं. त्या देशातल्या पाळणाघरांत न चालणाऱ्या 5 बाळांमागे एक आणि चालणाऱ्या 8 मुलांमागे एक मोठं माणूस, किंवा सरसकट 6 मुलांमागे एक, असा नियम आहे. म्हणून दहा महिन्यांच्या बाळाची जागा आधी भरते आणि दोन वर्षांच्या मुलाला उशिरापर्यंत जागा मिळते. नोंदणी या क्रमाने करा: पाळणाघर, मग धडा, मग राहायची जागा. उलट क्रमाने गेलं तर खोली मिळते आणि मूल ठेवायला जागा मिळत नाही.

धडे बहुतेक ठिकाणी रविवार ते शुक्रवार किंवा सोमवार ते शुक्रवार असतात, कारण शनिवार हा पर्यटकांच्या येण्याजाण्याचा दिवस. शनिवारी रात्री उशिरा पोहोचून रविवारी सकाळचा धडा घेऊ नका. उंचीवर पहिल्या रात्री लहान मुलांची झोप हमखास मोडते आणि बूट भाड्याने घेण्याची रांगही त्याच सकाळी असते. सोमवारची सुरुवात मिळत असेल तर ती घ्या, रविवार सामान जुळवायला ठेवा.

महिन्यामहिन्यांत फरक मोठा आहे. जानेवारीत, नाताळची गर्दी ओसरल्यावर, गट लहान असतात आणि प्रशिक्षकाला प्रत्येक मुलाकडे बघायला वेळ मिळतो, पण थंडीमुळे पाच वर्षांचं मूल सलग दोन तास टिकत नाही. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांच्या सुट्ट्या तीन विभागांत आळीपाळीने येतात आणि त्या चार आठवड्यांत गट सगळ्यात मोठे. आमच्या अनुभवाने सुरुवातीच्या गटात 8 च्या वर मुलं झाली की निम्मा वेळ पडलेल्यांना उभं करण्यात जातो. मार्चमध्ये ऊन आणि उत्साह दोन्ही भरपूर, मात्र सकाळी रात्रीचा गोठलेला कडक थर आणि दुपारी जड, ओला बर्फ. त्या ओल्या बर्फात छोट्या पायांना स्की वळवणं फार कष्टाचं पडतं. मार्चमध्ये धडा सकाळचाच हवा, पण अगदी पहिल्या तासाचा नको. सगळ्यांत जमून आला तो जानेवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला आठवडा.

आता बूट, कारण ‘मुलाला स्की आवडत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा बूटच असतात. माप सेंटिमीटरमध्ये असतं: पाऊल 17 सेंटिमीटर, तर बूट 17 किंवा 17.5. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन सेंटिमीटर मोठे घेतले की टाच वर उचलली जाते, मूल तोल सावरायला मागे झुकतं आणि मागे झुकलं की स्की वळत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. आतलं मऊ अस्तर काढा, रिकाम्या कवचात पाऊल घालून बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागची जागा बघा. एक ते दीड सेंटिमीटर ठीक. दोनच्या वर असेल तर लहान बूट मागा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. दोन मोजे घातले की पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. आतल्या थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका. नडगीवर ती तासाभरात रुततेच. पँटच्या आतला लवचीक पट्टा मात्र बुटाच्या बाहेरून ओढून घ्यायचा, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. रात्री अस्तर बाहेर काढून हवेशीर ठेवा. हीटरला चिकटवून ठेवलं तर ते आकसतं.

स्की हनुवटीपर्यंत उंचीची किंवा त्याहून थोडी आखूड. साधारण एक मीटर उंचीच्या मुलाला 80 सेंटिमीटरच्या आसपासची पुरते. हातात काठ्या नकोत; सुरुवातीला त्या नुसत्या अडचणीच्या होतात. बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी कळ) बसवताना दुकानदार वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारतो आणि बुटाच्या तळाची लांबी मोजतो. त्यावरून बूट किती जोर पडल्यावर सुटायचा ते ठरतं. लहान मुलांच्या बाइंडिंगचा आकडा 0.75 पासून सुरू होतो. वजन अंदाजाने सांगू नका. जास्त सांगितलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी सांगितलं तर साध्या वळणावरही सुटते आणि मूल घाबरतं. बूट बदलून घेतला तर बाइंडिंग पुन्हा लावून घ्यायला विसरू नका. घाईच्या सकाळी नेमकं हेच राहून जातं.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं. आत टोपी घालायची नाही, फार तर पातळ कानटोपी. इटलीत 2022 पासून 18 वर्षांखालच्यांना ते सक्तीचं झालं आणि 2025-26 च्या मोसमापासून सगळ्यांनाच. तिथे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमाही 2022 पासून लागतो. गॉगल हेल्मेटसोबतच निवडा. दोन्हींमध्ये फट राहिली की कपाळाला वारा झोंबतो आणि मूल गॉगल काढून फेकतं. उन्हाकडेही दुर्लक्ष नको: दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून क्रीम नाकाखाली आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लावायचं.

हातांना बोटांचे हातमोजे नकोत, मिटन (अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकत्र) घ्या: बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि पाळणाघरात दहा मुलांचे हात भराभर घालायचे असतात. मनगट लांब असलेले, बाहीच्या आत जाणारे किंवा बाहीवरून चढणारे, नाव घातलेले, आणि दुसरा कोरडा जोड पिशवीत. एका अखंड पोशाखापेक्षा पँट आणि जॅकेट वेगळे बरे, कारण शौचालयात नेणाऱ्याला तो पोशाख पूर्ण उतरवावा लागतो. बाहेर पडण्याआधी, बूट घालण्यापूर्वी, मुलाला शू करायला लावा. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण मूल धड्यातून परत येण्याची आम्ही पाहिलेली सगळ्यात मोठी कारणं दोनच: शू आणि गार हात.

सकाळी धड्याच्या वेळेआधी 20 मिनिटं फलकापाशी पोहोचायचं. पहिल्या दिवशी 30, कारण मुलांची वाटणी तेव्हाच होते. जॅकेटच्या आतल्या खिशात फोन नंबर आणि राहण्याच्या जागेचं नाव लिहिलेला कागद. लिफ्टचा पास डाव्या खिशात एकटाच, कारण फाटकावरचं यंत्र बहुतेक ठिकाणी त्या बाजूने वाचतं. पहिले दोनतीन दिवस मूल मॅजिक कार्पेटवरच असतं आणि तो बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा धड्याच्या पैशांत धरलेला असतो. तेव्हा आठवड्याचा पास आधी घेऊन ठेवू नका, प्रशिक्षक सांगेल त्या दिवशी घ्या. मूल रडलं तर? एकदा जवळ घ्या, कधी परत येणार ते घड्याळाच्या वेळेत नव्हे, ‘जेवणाच्या वेळी’ असं सांगा, आणि निघा. कुंपणाआड उभं राहून बघणारे आईबाबा मुलाला दिसतात, आणि ती नजर एकदा तिकडे गेली की प्रशिक्षकाचं काही ऐकलं जात नाही. बहुतेक रडणी पहिल्या दहा मिनिटांत थांबतात. 30 मिनिटांनंतरही थांबलं नाही तर फोन करायला सांगून ठेवा आणि फोन खिशात ठेवा, बॅगेत नको.

शिकवण्याचा क्रम सगळीकडे सारखाच निघाला: एका पायावर स्की घालून चालणं, मग दोन्ही पायांवर, सपाटीवर घसरणं, पुढची टोकं जुळवून मागची बाजू फाकवून थांबणं, आणि त्याच आकारात वळणं. या आकाराला मुलं ‘पिझ्झा’ म्हणतात, आणि तो शब्द सगळ्या देशांतल्या प्रशिक्षकांना कळतो. म्हणून भाषेची काळजी फार करू नका. पण शू, थंडी, दुखतंय हे तीन शब्द स्थानिक भाषेत मुलाला शिकवून पाठवा. फ्रान्सच्या स्की स्कूलमध्ये लहान मुलांचे टप्पे पियु-पियु, उर्सों, फ्लोकों, मग तारे असे चढत जातात. नोंदणी करताना ‘दोन वर्षं स्की केलंय’ असं सांगू नका. काय येतं ते सांगा: हिरव्या (तिथल्या सगळ्यांत सोप्या) उतारावर दोन्ही बाजूंना वळून थांबता येतं की नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत सहसा हिरवा रंग नसतो, सगळ्यांत सोपा उतार निळा. तिथला निळा म्हणजे फ्रान्समधला हिरवा आणि निळा दोन्ही असू शकतो. गट चुकला असं वाटलं तर पहिल्या दिवशी दुपारीच बोला. बुधवारी बदलायला गेलं तर जागा नसते आणि मुलाची मैत्रीही झालेली असते.

चेअरलिफ्टबद्दल (तारेला टांगलेल्या, वर नेणाऱ्या खुर्च्यांबद्दल) आईबाबांना सहसा कोणी आधी सांगत नाही. अनेक ठिकाणी 1.25 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला एकट्याने बसता येत नाही, आणि दहा जणांच्या गटात प्रशिक्षक एकच. तेव्हा तो रांगेतल्या अनोळखी मोठ्यांना ‘याला सोबत घेता का’ असं विचारतो. हा नेहमीचा प्रघात आहे. मुलाला घरीच सांगून ठेवा: पाठ टेकवून बसायचं, दांडा खाली येईपर्यंत हलायचं नाही, मिटन पडलं तरी वाकायचं नाही. हे पटत नसेल तर नोंदणीच्या वेळी विचारा की आठवड्यात चेअरलिफ्ट कधी येणार, आणि त्या दिवशी खाजगी धडा घ्या.

धड्यानंतर दुपारी मुलाला ‘आता आमच्याबरोबर चल’ म्हणून लांबच्या उतारावर नेणं हा सगळ्यात महाग पडणारा उत्साह. सकाळी जमलेलं वळण दमलेल्या पायांनी, जास्त तीव्र उतारावर, पुन्हा मागे झुकण्यात बदलतं. तोच सकाळचा उतार, दोन फेऱ्या, बस. पट्टा बांधून मागून धरणंही टाळा. मूल पट्ट्यावर भार टाकायला शिकतं आणि प्रशिक्षकाला पुढचे दोन दिवस ते सोडवण्यात घालवावे लागतात.

ताप आला की पाळणाघर मूल घेत नाही, आणि उलट्या-जुलाबांनंतर पूर्ण बरं होऊन 24 ते 48 तास जावे लागतात. ते बरोबरच आहे, पण त्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. विमा घेताना फक्त अपघाताचा बघू नका, आजारपणामुळे बुडालेल्या धड्यांची भरपाई त्यात आहे का ते वाचा. आणि भरपाई मागायला त्याच दिवशी स्थानिक डॉक्टरांचा दाखला लागतो.

शुक्रवारी पदक देतात, फोटो होतो आणि सगळे पांगतात. त्याआधी प्रशिक्षकाला एवढंच विचारा: कोणत्या उतारावर एकटं येतं, आणि पुढे काय सुधारायचं? उत्तर फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या नोंदणीत ‘टप्पा’ या रकान्यात तेच भरायचं असतं.