ग्राउंड पॉवर सॉकेटच्या खरेदीत झालेली फसवणूक

लहान विमानांच्या देखभालीचे, विशेषतः वैमानिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, काम करणाऱ्यांनी सावध व्हावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. आमच्या एका सेसना 172 विमानाच्या बाह्य वीजजोडणीच्या (ग्राउंड पॉवर, म्हणजे जमिनीवरून विमानाला वीज देण्याच्या) सॉकेटच्या पिना जळून काळ्या पडल्या होत्या. याच विमानात विद्यार्थी इंजिन बंद ठेवून, ग्राउंड पॉवरवर जी-1000 ची (कॉकपिटमधील पडद्यांवर माहिती दाखवणाऱ्या प्रणालीची) उपकरणे हाताळायला शिकतात, त्यामुळे ही जोडणी रोज बराच वेळ वापरात असते. सॉकेट आणि त्यामागचा काँटॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकीय स्विच) दोन्ही बदलायचे ठरले. अधिकृत वितरकाकडून माल यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात एका पुरवठादाराने माल हातात असल्याचे सांगून बराच कमी दर दिला, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) 8130-3 प्रमाणपत्राची, म्हणजे भाग विमानात वापरण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची, प्रत लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली आणि आगाऊ रक्कम घेतली.

माल आला तेव्हा दिसायला चोख होता; भाग क्रमांकही व्यवस्थित कोरलेला होता. मात्र या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन जाड पिना मुख्य प्रवाहासाठी असतात आणि तिसरी बारीक पिन काँटॅक्टरच्या कॉइलला वीज देते. ही बारीक पिन मुद्दाम आखूड केलेली असते. प्लग बसवताना ती सर्वांत शेवटी जुळते आणि काढताना सर्वांत आधी सुटते, म्हणजे जाड पिना वेगळ्या होण्यापूर्वीच काँटॅक्टर उघडून प्रवाह तोडतो आणि जिथे आसपास इंधनाची वाफ असू शकते तिथे ठिणगी पडत नाही. आमच्या हाती आलेल्या सॉकेटवर स्टीलची मोजपट्टी आडवी धरली, तर ती तिन्ही पिनांवर सपाट टेकत होती.

काँटॅक्टरची लबाडी तर डोळ्यांना दिसणारीच नव्हती. स्टार्टरसाठीचा काँटॅक्टर काही सेकंदांपुरता ओढायचा (कॉइलला वीज देऊन जोडलेला ठेवायचा) असतो, तर ग्राउंड पॉवरचा तासभरही ओढलेला राहतो. दोघांचे बाह्य रूप जवळजवळ सारखे असते, कॉइल मात्र वेगळी असते. बेंचवर 28 व्होल्ट देऊन ठेवल्यावर थोड्याच वेळात त्याचा डबा हात लावता येणार नाही इतका तापला. सतत वापराचा म्हणून विकलेला तो भाग क्षणिक वापराचा होता. तो विमानात बसवला असता तर विद्यार्थी आत बसलेले असताना काय झाले असते, या विचाराने आजही संताप येतो.

त्यानंतर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा पत्ता आम्ही पुरवठादाराला न विचारता स्वतः शोधला आणि प्रमाणपत्रावरचा ट्रॅकिंग क्रमांक पाठवून विचारणा केली. क्रमांक खरा निघाला, पण तो पूर्णपणे वेगळ्या भागासाठी दिलेला होता. बिलावर तर भाग क्रमांक नव्हताच. ‘इलेक्ट्रिकल कनेक्टर संच, 1 नग’ एवढेच लिहिले होते. असे मोघम बिल आले की तिथेच थांबावे, कारण पुढे तक्रार करताना नेमके काय विकले गेले हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

याच पुरवठादाराने ‘सर्व विमानांना चालणारा’ ॲडॅप्टरही देऊ केला होता, आणि माझ्या मते तो सर्वांत धोकादायक होता. पायपरच्या अनेक विमानांवर एकाच गोल पिनेचे सॉकेट असते, त्यामुळे तिथे निदान आकारातला फरक लक्षात येतो. सेसनामध्ये मात्र तीन पिनांचा तोच प्लग 14 व्होल्टच्या जुन्या 172 मध्येही बसतो आणि 1978 पासूनच्या 28 व्होल्टच्या 172 मध्येही. प्लग बसला म्हणजे व्होल्टेज जुळले, असे मुळीच नाही. जोडणी निवडताना विमानाच्या पुस्तिकेतील व्होल्टेज आणि भाग क्रमांक पाहावा, उलट ध्रुवतेपासून (धन-ऋण टोके उलटी जोडली जाण्यापासून) संरक्षण देणारा डायोड बारीक पिनेच्या मार्गात आहे का हे वायरिंगच्या आराखड्यात तपासावे आणि मूळ प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आम्ही तक्रार करणार हे कळताच, माल परत पाठवला तर पूर्ण रक्कम देतो, असे पुरवठादाराने कळवले. आम्ही नकार दिला, कारण तोच माल दुसऱ्या कुणाच्या विमानात बसला असता. दोन्ही भाग लाल टॅग लावून वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवले आहेत, संशयित भाग म्हणून त्यांची माहिती डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवली आहे, आणि चौकशी संपल्यावर ते पुन्हा वापरता येणार नाहीत अशा रीतीने कापून टाकले जातील.