जालन्यातला हेवी ड्रायव्हरचा रिफ्रेशर क्लास, माझा अनुभव

मी १४ वर्षं झालं ट्रक चालवायलो, गाव बीड जिल्ह्यात, गाडी जालन्याच्या लोखंडी सळईच्या मालावर. मागच्या वर्षी ओव्हरलोडमधे पकडलो आन लायसन ३ महिन्यासाठी सस्पेंड झालं. गाडी भरताना ट्रान्सपोर्टवाला म्हनला होता, टाक अजून दोन टन, दंड मी भरतो. भरला बी त्यानं. पण ३ महिने मी घरी बसलो, बायकोनं बचत गटातून उचल घेतली, तिसऱ्या दिवशी त्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर होता.

सस्पेंड झालेलं लायसन परत घ्यायला रिफ्रेशर, म्हंजी नियम परत शिकवायचा क्लास, करावा लागतो, म्हणून दीड हजार भरून दोन दिवसाचा हा क्लास केला. शिकवणारे सर आधी एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळं रस्त्यावरचं बोलतात, नुसतं पुस्तकातलं नाही. पहिल्याच तासाला फळ्यावर मधे रेघ मारली, एका बाजूला मालकाचं काय जातं, दुसऱ्या बाजूला तुमचं काय जातं. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० आन वरच्या दर टनाला २,००० दंड, तो मालकाच्या बाजूला. लायसन आपल्या बाजूला. ओव्हरस्पीड, लाल सिग्नल तोडणं, ओव्हरलोड, मालाच्या गाडीत माणसं बसवणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाईल, या सहा गोष्टीत कमीत कमी ३ महिने लायसन सस्पेंड करा असं सुप्रीम कोर्टाच्या कमिटीनं २०१५ मधेच राज्यांना सांगितलंय, आन मला १४ वर्षात कोनी सांगितलं नव्हतं.

माणसं बसवायच्या मुद्द्यावर केजकडच्या एका भावानं इचारलं की ऊसतोडीच्या हंगामात मुकादम टोळी ट्रकमधेच बसव म्हणतो, लेकरंबाळं सगळी, नाही म्हनलं तर भाडं दुसऱ्याला जातं, मग काय करावं. सर रागावले नाहीत, अर्धा तास त्याच्यावरच बोलले. गाडी पलटी झाली तर इमा कंपनी हात वर करते, केस ड्रायव्हरवर, लायसन ड्रायव्हरचं, मुकादम तिथं नसतो. ते ऐकताना पूर्ण खोली गप होती, कारण आमच्याकडच्या सगळ्यांनीच तसल्या गाड्या बघितलेल्यात.

दारूचं पन नीट सांगितलं. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रामच्या वर गेलं की गुन्हा, आन कोर्टात शिक्षा झाली तर लायसन कमीत कमी ६ महिने बंद. रात्री घेतली, सकाळी उतरली असं आपन धरून चालतो ते डोक्यातनं काढा म्हनले.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते अपघाताचं. आपल्याला वाटतं पब्लिक मारंल म्हणून पळावं. त्याच कायद्याच्या कलम १३४ मधे जखमीला दवाखान्यात न्या असं आहे, पण जमावाच्या रागामुळं ते जमलंच नाही तर तेवढी सूट बी त्याच कलमात लिहिलेली आहे. मात्र लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायलाच पाहिजे. हे म्हाईत असतं तर आपल्यातले किती ड्रायव्हर गाडी सोडून पळाले नसते.

आन माझ्या स्वतःच्या केसचं तिथंच कळालं. लायसन सस्पेंड करायच्या आधी आपलं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, ऑर्डर हातात पडल्यावर ३० दिवसात अपील करता येतं. माझी नोटीस लायसनवरच्या जुन्या पत्त्यावर गेली होती, आन ज्या एजंटाला मी पैसे दिले त्यानं अपीलचा शब्द बी काढला नाही. सस्पेंड असताना गाडी चालवली तर १०,००० दंड नाहीतर ३ महिन्यापर्यंत जेल, दोन्ही बी होऊ शकतं, त्यामुळं मालक म्हनला तरी स्टेअरिंगला हात लावू नका.

कमी काय आहे ते बी सांगतो. खोली पत्र्याची, दुपारी बसवत नाही, पंखा एकच. प्रॅक्टिकल जुन्या टेम्पोवर अर्धाच तास, हेवीवाल्याला त्याचा काय उपेग. कलमांचा मराठीत छापलेला एक कागद तरी हातात द्यायला पाहिजे, आमच्यातल्या दोघातिघांना लिहून घेता येत नव्हतं. सर्टिफिकेटला बी आठ दिवस लावले.

तरी शिकवण्याला माझ्याकडून पाचपैकी चार. जायचं असंल तर वही न्या, सकाळी लवकर जाऊन खिडकीजवळ बसा, आन लायसनवर जुना पत्ता असंल तर तो आधी बदलून घ्या.