स्नॉर्केल बसवल्यानंतरचे काही महिने: पाण्याइतकाच धुळीचा हिशेब

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी बाहेरची नळी, म्हटले की बॉनेटपर्यंत पाण्यात गेलेली गाडी डोळ्यांसमोर येते, आणि जाहिरातीही तेच चित्र दाखवत असतात. माझ्या टर्बो डिझेल, फोर बाय फोर पिकअपला तो बसवून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात गाडी ओढ्यांतून गेली, मुसळधार पावसात हायवेवर धावली आणि सर्वांत जास्त फिरली ती कोरड्या, भुसभुशीत मातीच्या वाटांवर. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की बाहेरून दिसणारी नळी हा या कामाचा सोपा भाग आहे. पाण्यापासून इंजिन वाचणार की नाही, हे बॉनेटखालचे चार-पाच जोड ठरवतात. आणि रोजच्या उपयोगाचे विचाराल, तर तो पाण्यापेक्षा धुळीतच अधिक दिसतो.

बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची हवा पुढच्या मडगार्डच्या आतल्या पोकळीतून किंवा हेडलाइटच्या मागच्या बाजूने घेतली जाते. डांबरी रस्त्यावर या जागेत काहीच गैर नाही, परंतु पाण्यात गाडीपुढे उठणारी लाट तिथवर सहज पोहोचू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, ही खरी अडचण. २.८ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ७०० मिलिलिटर येतात, आणि संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) १६ धरले, तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ४७ मिलिलिटरची असते. त्याहून थोडे अधिक पाणी एका सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन अडतो, फिरत्या फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, जोर मात्र तसाच मागून येत राहतो आणि मधल्या मध्ये पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. हायड्रोलॉक म्हणतात तो हाच, आणि त्यानंतर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. किटबरोबर आलेला कागदी नमुना मास्किंग टेपने मडगार्डवर चिकटवला आणि भोके पाडण्यापूर्वी दरवाजा पूर्ण उघडून, बॉनेट वरखाली करून, स्नॉर्केलचा मुख्य भाग हाताने जागेवर धरून पाहिला. ए पिलरवरच्या (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरच्या) ब्रॅकेटची जागा दोन-चार मिलिमीटरने चुकली तरी वरची नळी ताणलेल्या अवस्थेत बसते आणि पुढे कंपनाने स्क्रू सैल होऊ लागतात, म्हणून या मोजमापात वेळ गेला तरी चालेल. आधी बारीक बिटने केंद्रे, मग होल सॉ, मग कानशीने कडा गुळगुळीत करणे आणि उघड्या पत्र्याला प्रायमर व रंगाचे दोन हात देणे, असा क्रम ठेवला. ड्रिल करताना उडालेला लोखंडाचा कीस बारकाईने टिपून घ्यावा लागतो. तो रंगावर राहिला तर दमट हवेत गंजून तपकिरी ठिपके सोडतो, आणि हवेच्या मार्गात फिल्टरच्या पलीकडे राहिला तर टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) पात्यांवर जाऊन आदळतो.

नळीच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. पॉलिएथिलीनची जाड भिंत आहे, उन्हाने रंग किंचित फिका झाला असला तरी कुठे तडा नाही, आणि झाडांच्या फांद्या घासल्या तरी ती वाकून पुन्हा मूळ आकारात येते. तक्रार आहे ती किटमधल्या किरकोळ सामानाबद्दल. ब्रॅकेटचे स्क्रू काही महिन्यांतच गंजू लागले आणि ते स्टेनलेस स्टीलचे घालावे लागले. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे पाण्यातून जाण्याची छायाचित्रे खोक्यावर असूनही कोणते जोड जलरोधक करायचे, याबद्दल सूचनापत्रात एक ओळही नाही. स्नॉर्केलचे वरचे डोके आणि नळी, नळी आणि मडगार्डमधून आत जाणारा रबरी पाइप, तो पाइप आणि एअर बॉक्स (हवेचा फिल्टर असलेली पेटी), एअर बॉक्सचे झाकण आणि त्याच्या तळाचा पाणी निघून जाण्याचा रबरी व्हॉल्व्ह, हे सगळे तपासायला हवेत. डोक्याचा जोड फिरता राहणे सोयीचे असते आणि तो छताच्या उंचीवर असल्याने त्याची चिंता नाही; नळी आणि पाइपच्या बाकीच्या जोडांना क्लॅम्प आणि सीलंट दोन्ही लागतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट टाळावे, कारण त्यातील आम्ल पत्र्याला लागते; सेन्सरला अपाय न करणारे, न्यूट्रल प्रकारचे सीलंट वापरावे.

तळाच्या व्हॉल्व्हचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. त्याचे ओठ खालच्या दिशेने उघडतात आणि आतून ओढ बसली की मिटतात, परंतु त्यात मातीचा एखादा खडा अडकला तर ते अर्धवट उघडे राहतात आणि इंजिन छताजवळच्या हवेऐवजी थेट पाणीच ओढू लागते. काही जण तो कायमचा बंद करून टाकतात. मग पावसात नळीतून आलेले थेंब एअर बॉक्समध्येच साचतात. मी तो मोकळा ठेवतो, दर धुलाईत बोटाने साफ करतो आणि खोल पाण्यात उतरण्यापूर्वी तेवढ्यापुरता बूच लावतो.

जोड पक्के आहेत की नाहीत हे पाहण्याची चाचणी साधी आहे. इंजिन फक्त आयडलवर ठेवून नळीचे वरचे तोंड रबर लावलेल्या सपाट फळीने बंद करायचे; हवा दुसरीकडून येत नसेल तर काही क्षणांत इंजिन धापा टाकून बंद पडते. माझे इंजिन पहिल्या चाचणीत बंद पडले नाही, नुसते खडबडत राहिले, आणि बॉनेटखाली कान दिल्यावर एअर बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी ऐकू आली. झाकणाची गॅस्केट तिथे खाचेतून वर आली होती. ती नीट बसवून चिमटे पुन्हा लावल्यावर इंजिन लगेच थांबले. चाचणीत एक्सलरेटर मुळीच दाबू नये, नाहीतर ओढीने रबरी पाइप चपटा होऊ शकतो.

आता पाण्याबद्दल. कंपनीने दिलेली पाण्याची खोली, उदाहरणार्थ फोर्ड रेंजरची ८०० मिलिमीटर किंवा टोयोटा हायलक्सची ७०० मिलिमीटर, स्नॉर्केल बसवल्याने वाढत नाही. हवेचे तोंड वर गेले तरी अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि दरवाजांची रबरे होती तिथेच राहतात, आणि पाणी पुरेसे चढले की गाडी तरंगून चाकांची पकड सुटते ती वेगळीच. स्नॉर्केलमुळे मिळते ती चुकलेल्या अंदाजाला थोडी सूट: ओढ्याच्या मध्यात अनपेक्षित खड्डा लागून नाक खाली गेले, तरी इंजिन हवा घेत राहते. वेग सावकाश आणि एकसारखा ठेवून, पुढे तयार होणारी लाट फुटू न देता जाणे हेच अजूनही सर्वांत महत्त्वाचे.

स्नॉर्केलइतकेच लक्ष डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा भाग), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा भाग) यांच्या ब्रीदरकडे, म्हणजे आतली हवा जाण्या-येण्याच्या छोट्या वाटांकडे, द्यावे लागते. लांब चालीनंतर गरम झालेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. तेल दुधी दिसू लागले की पाणी आत शिरलेले असते. मी सर्व ब्रीदरच्या नळ्या लांबवून बॉनेटखाली वर आणून बांधल्या आहेत आणि तेल आजवर स्वच्छ आहे.

धुळीचा फायदा मात्र प्रत्येक फेरीला जाणवतो. पुढे गाडी असेल तेव्हा चाकांनी उडवलेली जड धूळ खालच्या थरात दाट असते आणि छताच्या उंचीवर त्यामानाने विरळ. पूर्वी मातीच्या लांब वाटेनंतर फिल्टर झटकला की घड्यांच्या खोबणीतून पिवळसर पूड पडायची. आता तेवढ्याच वाटेनंतर घड्यांच्या फक्त कडा मळलेल्या दिसतात. ताफ्यात मागे असताना मी डोके मागच्या दिशेला फिरवतो, त्यामुळे धूळ आणखी कमी होते. पावसातही डोके तसेच मागे फिरवलेले बरे. समोर तोंड असताना डोक्यातील फटींतून बरेच पाणी बाहेर पडते खरे, पण काही थेंब एअर बॉक्सपर्यंत येतातच.

ताकद आणि इंधनबचतीच्या दाव्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा अधिकचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. टर्बो इंजिनाला त्याचे काय कौतुक? मायलेजमध्ये मला कोणताही फरक दिसला नाही. आवाजात मात्र फरक आहे. हवा ओढण्याचा घोगरा स्वर आणि टर्बोची शिट्टी आता खिडकीशेजारी ऐकू येते. मला ती आवडते, शेजारी बसणाऱ्यांना आवडेलच असे नाही. ए पिलरच्या बाजूची दृष्टीही थोडी झाकली जाते आणि वळणावर मान जराशी पुढे काढावी लागते.

मडगार्डला पाडलेले भोक परत बुजत नाही, मडगार्डच बदलावे लागते, त्यामुळे गाडी लवकर विकायची असेल तर हे काम करू नये. ज्यांचा मातीच्या वाटांशी नेहमीचा संबंध आहे त्यांनी ते अवश्य करावे. ज्यांना वर्षातून एखाद्या वेळी उथळ ओढा ओलांडावा लागतो, त्यांनी आधी ब्रीदरच्या नळ्या वर घ्याव्यात. पत्रा न कापता होणारे ते काम आहे, आणि स्नॉर्केल नंतर बसवला तरी वाया जात नाही.