कोळंबी नूडल्ससाठी दाण्यांचं बटर घ्यायचं तर हेच घ्या

नवी मुंबईतल्या सीवूड्स स्टेशनजवळच्या लाकडी घाण्याच्या तेलवाल्याकडे शेंगदाणा बटर ताजं दळून मिळतं. भाजलेले दाणे आणि चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. बरणीत वर तेल येतं, ते ओतून टाकू नका, तळापासून ढवळून घ्या. पॅकबंद गोड बटर घातलं की नूडल्स खिरीसारखे लागतात, याचं तसं होत नाही.

ऑफिसातून उशीर झाला की आमच्याकडे हाच बेत. दोन मोठे चमचे बटर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, लाल तिखट, जरासा गूळ, लिंबू. त्यात नूडल्सचं गरम पाणी चमच्याचमच्याने घाला. आधी मिश्रण आणखी घट्ट होतं; ढवळत राहा, मग छान गुळगुळीत होतं. दिवाळे गावच्या बाजारातली कोळंबी, काळा दोरा काढून, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटंच परता. अगदी गोल वेटोळं झालं की चिवट झालीच समजा. सॉस गॅस बंद करून घाला, नाहीतर तळाला लागतो.

तक्रार एकच. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणातून तेल झिरपतं. मी आता घरून काचेची बरणी नेते, ते आनंदाने भरून देतात.