डॉ. डेव्ह यांचं पूलचं पुस्तक आणि फुकट व्हिडिओ: काय घ्यावं, काय सोडावं

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दिवसभर कोन आणि कटिंग. त्यामुळे असेल, पण पूल (काठीनं पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या खिशांत घालायचा खेळ) शिकवणाऱ्या पुस्तकांत मला पटलं ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाचं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोरे, पूलवाल्यांचे 'डॉ. डेव्ह'. त्यांचं 'द इलस्ट्रेटेड प्रिन्सिपल्स ऑफ पूल अँड बिलियर्ड्स' २००४ साली आलं. आकृत्या भरपूर, आणि सोबत व्हिडिओंचे क्रमांक. ते व्हिडिओ नेटवर फुकट आहेत.

आमच्या भोसरीच्या पूल पार्लरमध्ये सगळ्यांचा जीव पॉटवर, म्हणजे रंगीत बॉल खिशात घालण्यावर. पांढरा नंतर कुठे जाऊन थांबेल ते नशीब! हे पुस्तक नेमकं तिथेच कामाला येतं. धडकेच्या क्षणी पांढरा नुसता घसरत असेल, ना टॉप (पुढची फिरकी) ना स्क्रू (मागची फिरकी), तर तो रंगीत बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर, गुण्यात. लोळत आला असेल तर मात्र मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. समोरून बघता पांढरा रंगीत बॉलच्या पाव भागावर लागो, अर्ध्यावर की पाऊण भागावर, या कोनात फारसा फरक पडत नाही, हे मला आधी खरंच वाटेना. मोजायची युक्तीही झकास: तर्जनी आणि मधलं बोट ताणून धरायचं, एक बोट नेमाच्या दिशेला, दुसरं पांढऱ्याची वाट दाखवतं. पार्लरमधली पोरं आधी हसली. आता काळ्या बॉलसाठी पांढरा नीट जागी थांबवायची वेळ आली की तीच बोटं फाकवून उभी असतात.

आकृतीत जोर दिसत नाही, तो व्हिडिओतच बघावा. जोरात मारलेला पांढरा आधी काटकोनाच्या वाटेनं थोडा सरकतो, मग फिरकी कापडाला धरते आणि तो वळून ३० अंशांची दिशा पकडतो. दिशा तीच, पण अख्खी रेघ बाजूला सरकलेली. हाय-स्पीड कॅमेऱ्यानं टिपलेलं हे वळण मी फोनवर पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

तेच घासण्याचं. कट, म्हणजे रंगीत बॉलला तिरका फटका, मारताना दोन बॉल एकमेकांना घासतात आणि रंगीत बॉल किंचित ओढला जातो, जाड, म्हणजे जास्त समोरून लागल्यासारखा. हळू शॉटला हे जास्त होतं, मळक्या बॉलना त्याहून जास्त. आमच्याकडे बॉल कधी पुसले जातात ते देवाला ठाऊक, म्हणून हळू कट मी मुद्दाम जरा पातळ मारतो.

बँक शॉटचा (बॉल कडेवर आपटून खिशात घालायचा) भाग मात्र आमच्यासाठी निकामी. तिथली मापं चांगल्या रबराच्या टेबलाची, आमच्या कडांचा जीव कधीच गेलाय. नेटवर समीकरणांची टिपणंही आहेत, ज्याची फिजिक्सशी मैत्री असेल त्यानं बघावीत. कोपर हलतंय का, हे मात्र कुठलंच पुस्तक सांगणार नाही. त्यासाठी मित्राला शेजारून शूटिंग करायला लावा.

पुस्तक इंग्रजीत आहे, बाहेरून मागवलं तर महाग पडतं. आधी ९० आणि ३० अंशांचे दोन व्हिडिओ बघा, इंग्रजी अडलं तरी चित्रावरून कळतं. मग एक तास टेबल घ्या, गेम लावू नका, आणि फक्त पांढरा कुठे जातो तेवढंच बघा.